ताप गावात येतो कसा आणि मुक्काम करतो कुठे

(महाळुंगे येथील विहाराच्या वर्धापन दिनाच्या सभेत दिलेले भाषण)



वर्धापन दिनाला धम्मावर बोलणारे विद्वान वक्ते असतात, आणि ते बोललेही. समितीने मला मात्र तापावर बोलायला सांगितले. आरोग्य खात्याच्या कामात घरोघर हौद आणि पिंपं तपासत फिरलेला मी माणूस, मला दुसरे काय सांगता येणार! पण विषय छोटा नाही. पावसाळा लागला की आपल्या वस्तीत एक तरी घर असे असते, की जिथे कर्ता माणूस चार दिवस कामावर गेला नाही, आजी गुडघे धरून बसली आहे आणि पोराला सलाईन लावले आहे. कंत्राटी कामगाराचा चार दिवसांचा खाडा म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगायला नको. तेव्हा हा ताप गावात येतो कसा आणि येऊन मुक्काम कुठे करतो, एवढ्याच दोन गोष्टी सांगतो.

डास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गटार येते. गटारातला डास वेगळा. डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका हे तीन ताप पसरवणारा जो डास आहे, त्याला एडिस इजिप्ती म्हणतात. काळा, अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे. याला घाण पाणी आवडत नाही, आपल्या पिण्याच्या पाण्यासारखे स्वच्छ, साठलेले पाणी लागते. तो चावतो दिवसा, विशेषतः सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी. चावते ती फक्त मादी, कारण अंड्यांसाठी तिला रक्त हवे असते. आणि ती अंडी पाण्यात घालत नाही, तर पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या ओलसर भिंतीला चिकटवून ठेवते. ही अंडी पिंप कोरडे पडले तरी कित्येक महिने मरत नाहीत. पुन्हा पाणी वर चढले की आठ-दहा दिवसांत डास तयार. म्हणून बायका म्हणतात, "आम्ही तर ड्रम रिकामा केला होता हो, तरी डास झालेच." खरे आहे त्यांचे. नुसता उलटा करून भागत नाही, आतून काथ्याने खसाखसा घासावा लागतो.

आता गंमत बघा. हा डास उडून उडून उडतो किती? शंभर-दोनशे मीटर, फार तर चारशे. म्हणजे आपल्या विहारापासून निघाला तर वस्तीची हद्द ओलांडता ओलांडता त्याचा दम जातो. आयुष्य तीन-चार आठवड्यांचे. मग आफ्रिकेतला आजार महाळुंग्यात येतो कसा? डासाने तो आणलेला नसतो. आणतो माणूस, स्वतःच्या रक्तातून. ताप असलेल्या माणसाला इथला डास चावला, की विषाणू डासाच्या पोटात जातो. तिथे आठ-दहा दिवस वाढतो, मग त्याच्या लाळेत उतरतो, आणि त्यानंतर तो डास ज्याला चावेल त्याला ताप. माणूस गाडीने, रेल्वेने, विमानाने हिंडतो. डास घरातच असतो. दोघांची गाठ पडली की साथ.

डास स्वतःही जग फिरला आहे, पण माणसाच्या सामानातून. मूळचा हा आफ्रिकेचा. अमेरिका खंडात तो गेला तो गुलामांच्या जहाजांतून. त्या जहाजांवर प्रवासापुरते पिण्याचे पाणी पिंपांत भरलेले असे, त्या पिंपांत याच्या पिढ्या वाढल्या. खाली माणसे साखळदंडांत जखडलेली आणि वर त्यांच्याच पाण्यात डास. त्याचा एक भाऊबंद आहे, टायगर डास म्हणतात त्याला. हा आशियातला. जुन्या टायरांच्या व्यापारातून तो १९८५ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये आणि १९९० साली इटलीत पोचला. टायरच्या पोटात पावसाचे पाणी साठते, ते कसेही फिरवा, सगळे निघत नाही. आपल्या चाकण-तळेगाव रस्त्याच्या कडेला पंक्चरवाल्यांच्या आणि भंगारवाल्यांच्या दुकानांपुढे टायरांच्या ज्या राशी असतात, त्या जाता-येता नीट बघा.

चिकुनगुनियाचीच हकिकत सांगतो, कारण ती आपल्या महाराष्ट्राची आहे. हा शब्द आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला. सांधेदुखीने माणूस वाकून जातो, तसा त्याचा अर्थ. १९५२-५३ साली आजच्या टांझानियात हा ताप प्रथम ओळखला गेला. भारतात तो १९६३ साली कलकत्त्यात सापडला, १९६५ साली नागपूरला आला आणि १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याने थैमान घातले. बार्शीत तेव्हा दर शंभर माणसांमागे ३७ जणांना ताप आल्याची नोंद आहे. १९७२ चा दुष्काळ इथल्या म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल. त्या काळात पाण्याची किंमत काय होती आणि घरातले प्रत्येक भांडे कसे भरून ठेवले जाई, तेही आठवत असेल.

बार्शीनंतर हा आजार आपल्याकडून नाहीसा झाला असेच सगळे धरून चालले. बत्तीस वर्षे कुणी नाव काढले नाही. डॉक्टरांच्या एका पिढीने तर तो पुस्तकातच वाचला. इकडे २००४ साली केनियाच्या किनाऱ्यावर साथ सुरू झाली. तिथून हिंदी महासागरातल्या बेटांवर गेली. रियुनियन नावाचे एक बेट आहे, तिथे २००५-०६ मध्ये लोकसंख्येच्या जवळपास एक तृतीयांश माणसे आजारी पडली. आणि २००५ सरता सरता ताप भारतात उतरला. आंध्र, कर्नाटक आणि आपल्याकडे मालेगाव, मराठवाडा. २००६ या एका वर्षात देशात जवळजवळ १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. एवढा का पसरला? एक कारण असे, की बत्तीस वर्षांत जन्मलेल्या एकाही माणसाच्या अंगात त्याची प्रतिकारशक्ती नव्हती. दुसरे म्हणजे हा विषाणू १९७३ चा जुना नव्हता, आफ्रिकेतून आलेला वेगळ्या वाणाचा होता.

हे ओळखले ते आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने. १९५२ साली स्थापन झालेली ही संस्था पुण्यात डॉ. आंबेडकर रस्त्यावर आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी २००६ चे विषाणू जुन्या जपून ठेवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहिले. त्यात एक नमुना निघाला २००० सालचा. सोलापूर रस्त्यावरचे आपले यवत माहीत आहे ना, दौंड तालुक्यातले? तिथल्या डासातून मिळालेला. तो तपासला तर तोही आफ्रिकी वाणाचा! म्हणजे साथ उठायच्या पाच वर्षे आधीच पाहुणा पुणे जिल्ह्यात येऊन राहिलेला होता आणि कुणाला पत्ता नव्हता. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आजार पेपरात येतो त्या दिवशी तो आलेला नसतो. तो आधीच आलेला असतो.

पुढे आपल्याकडूनही तो बाहेर गेला. २००७ साली केरळमधून एक पाहुणा इटलीतल्या एका खेड्यात नातेवाईकांकडे गेला, अंगात ताप होता. तिथे तो टायगर डास होताच. त्या भागात दोनशेच्या वर लोकांना चिकुनगुनिया झाला. युरोपात अशी साथ त्याआधी कुणी पाहिली नव्हती. २०१३ च्या अखेरीस तो कॅरिबियन बेटांवर गेला आणि तिथून सगळ्या अमेरिका खंडात. आणि २०२५ साली चीनमधल्या फोशान शहरात हजारो लोकांना झाला. फोशान म्हणजे आपल्यासारखेच कारखान्यांचे शहर, बाहेरून आलेल्या कामगारांनी भरलेले. केनियातून आला म्हणून आपण आफ्रिकेला नावे ठेवायची, तर इटलीने आपल्याला काय म्हणायचे?

आता झिका. याच्याबद्दल भीती जास्त आणि माहिती कमी आहे. माता-भगिनींनी इथे जरा लक्ष द्यावे.

झिका हे युगांडा देशातल्या एका जंगलाचे नाव. १९४७ साली तिथे एका माकडात हा विषाणू सापडला. पुढे साठ वर्षे त्याची कुणी फारशी दखल घेतली नाही, कारण ताप हलका, अंगावर पुरळ, डोळे लाल, चार-सहा दिवसांत माणूस बरा. पाचांतल्या चार जणांना तर काही कळतही नाही. भारतातल्या लोकांच्या रक्तातही पन्नाशीच्या दशकात त्याच्या खुणा आढळल्या होत्या. त्या वेळच्या तपासणीत डेंग्यूच्या कुळातले विषाणू एकमेकांत मिसळून दिसत, त्यामुळे त्यावरून ठाम काही म्हणता येत नाही. २००७ साली पॅसिफिक महासागरातल्या याप बेटावर साथ आली, २०१३ साली फ्रेंच पॉलिनेशियात, आणि २०१५ साली ब्राझीलमध्ये. तिथे त्याचे खरे रूप दिसले. ज्या बायकांना गरोदरपणात झिका झाला, त्यांतल्या काहींची बाळे फार लहान डोक्याची जन्मली, मेंदूची वाढ खुंटलेली. जागतिक आरोग्य संघटनेने १ फेब्रुवारी २०१६ रोजी आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली.

ही बाळे ब्राझीलमध्ये कुठे जास्त जन्मली, ते सांगितले पाहिजे. ईशान्य ब्राझीलच्या गरीब वस्त्यांमध्ये. जिथे नळाला रोज पाणी नाही, म्हणून घरात पिंपं भरून ठेवतात. त्या आया बहुतेक काळ्या आणि सावळ्या वर्णाच्या, मोलमजुरी करणाऱ्या. डासाला जात कळत नाही, गरिबी कळत नाही, हे म्हणायला ठीक आहे. पण पाणी कुणाच्या घरी साठवावे लागते आणि कुणाच्या नाही, यातूनच तो कुणाला चावणार हे ठरते. चवदार तळ्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यावर अधिक सांगायची गरज नाही.

आपल्या देशात झिकाचे रुग्ण २०१७ साली अहमदाबादमधून जाहीर झाले, २०१८ साली जयपूर आणि मध्य प्रदेशात आढळले, २०२१ च्या जुलैत केरळात. आणि त्याच जुलैच्या अखेरीस महाराष्ट्रातला पहिला रुग्ण सापडला. मुंबईत नव्हे, पुण्यातही नव्हे, तर पुरंदर तालुक्यातल्या बेलसर या खेड्यात. पन्नास वर्षांच्या एक बाई होत्या. गावात तापाचे रुग्ण वाढले म्हणून रक्ताचे नमुने विषाणू संस्थेकडे गेले होते. या बाईंना चिकुनगुनिया आणि झिका दोन्ही निघाले. त्या बऱ्या झाल्या. मात्र एक लक्षात घ्या, नमुने तपासायला गेले म्हणून झिका सापडला. गेले नसते तर "व्हायरल आहे" म्हणून गोळ्या देऊन सगळे मोकळे झाले असते.

मग २०२४ चा पावसाळा. जूनमध्ये पुण्यात एरंडवण्यात एक डॉक्टर आणि त्यांची मुलगी यांना झिका निघाला आणि बघता बघता त्या वर्षात शहरातले रुग्ण शंभरावर गेले. त्यात गरोदर महिला पुष्कळ. पेपरातली ती आकडेवारी वाचून कुणाला वाटले की हा डास गरोदर बाईलाच शोधून चावतो. तसे नाही. झिकाचा धोका पोटातल्या बाळाला असल्यामुळे गरोदर महिलांची तपासणी मुद्दाम जास्त झाली, म्हणून त्या जास्त सापडल्या. बाकीचे किती जण ताप अंगावर काढून कामाला गेले असतील, त्यांची मोजदाद नाही.

ज्या लेकी-सुना दोन जिवांच्या आहेत, त्यांच्यासाठी मोजके सांगतो. झिका झाला म्हणजे बाळ बिघडलेच, असे नाही. बहुतेक बाळे व्यवस्थित जन्मतात. धोका सर्वांत जास्त पहिल्या तीन महिन्यांत. म्हणून ताप किंवा पुरळ आले तर लपवू नका, लगेच डॉक्टरांना सांगा, रक्त-लघवीची तपासणी करा आणि सोनोग्राफी सांगतील तेव्हा करा. कुणा शेजारणीच्या सांगण्यावरून घाबरून भलताच निर्णय घेऊ नका. आणि पुरुषांनो, हे तुमच्यासाठी: झिका नवरा-बायकोच्या संबंधातूनही पसरतो, पुरुषाच्या शरीरात तो काही आठवडे, कधी महिनेही टिकतो. घरात गरोदर बाई असेल आणि तुम्हाला तसा ताप येऊन गेला असेल, तर निरोध वापरा. विहारात हे बोलावे का, असे कुणाला वाटेल. बाळाच्या जिवाचा प्रश्न आहे, तेव्हा विहारात बोलायचे नाही तर कुठे?

आता माझ्या मनातली खरी गोष्ट. वस्तीत ताप आला की पहिले वाक्य ऐकू येते, "हे भाडेकरूंनी आणलं." पत्र्याच्या खोल्यांत दहा-दहा जण राहणारी बिहारची, यूपीची, ओडिशाची पोरं. कुणी म्हणते, ते घाण करतात. कुणी म्हणते, त्यांना काढा. मी सांगितलेच, विषाणू माणसाबरोबर येतो. तो गावाला जाऊन आलेल्या भाडेकरूबरोबर येईल, तसाच परदेशातून कारखाना बघायला आलेल्या साहेबाबरोबरही येईल. आणि आपण काय एका जागी बसून असतो का? ऑक्टोबरात नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. ६ डिसेंबरला दादरला जातो. १ जानेवारीला तर सगळा महाराष्ट्र भीमा कोरेगावला, आपल्या शेजारी येतो. उद्या कुणी म्हणाले की ताप या लोकांनी आणला, तर कसे वाटेल? आपल्या वाडवडिलांनी शेकडो वर्षे हेच ऐकले आहे, की यांच्या येण्याने पाणी बाटते. ते शब्द आपण दुसऱ्यासाठी वापरायचे नाहीत.

आणि व्यवहारानेही बघा. भाडेकरूला भीती वाटली की तो ताप लपवतो. लपवलेला ताप म्हणजे मच्छरदाणीशिवाय झोपलेला आजारी माणूस, आणि त्याच्या उशाशी उघडे पिंप. पुढच्या दहा दिवसांत शेजारच्या खोलीत ताप. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा लोक घरदार सोडून पळत होते. सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या आणि त्याच प्लेगने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्याला एवढे कुणी मागत नाही. शेजारच्या खोलीतल्या पोराला एक मच्छरदाणी आणि दवाखान्यापर्यंत सोबत, एवढेच.

माणसाचे येणे थांबवता येत नाही, थांबवूही नये. त्याच्याच कष्टावर हे कारखाने चालतात, आणि खोल्यांच्या भाड्यावर आपलीही काही घरे चालतात. थांबवता येते ते डासाचे राहणे. आणि डास राहतो पाण्यात.

इथे मात्र मी बायांच्या बाजूने बोलणार. आम्ही तपासणीला जायचो. पिंपात बॅटरी मारली की डासअळ्या वळवळताना दिसायच्या. "ताई, हे ओतून द्या," म्हटले की उत्तर ठरलेले, "ओतते की. तुम्ही भरून देता का?" काय बोलणार? टँकर कधी येईल याचा भरवसा नाही, नळ एक दिवसाआड, तोही ती कामावर गेल्यावर. जिच्या घरी नळाला रोज पाणी आहे, तिला पिंप लागतच नाही. पिंप ठेवणाऱ्या बाईला दोष देऊन साथ हटत नाही. म्हणून दोन कामे बरोबरीने करायची. पाण्याच्या वेळा ठरवून द्या आणि त्या पाळा, हे ग्रामपंचायतीकडे लेखी मागायचे, सह्या घेऊन मागायचे. आणि तोपर्यंत पिंप झाकायचे. झाकण तुटलेले असेल तर जुन्या सुती साडीचा तुकडा दुहेरी करून, काठाला नाडी घालून तोंडाला घट्ट बांधायचा. कापड मधोमध पाण्यात लोंबता कामा नये, नाहीतर त्या ओल्या झोळीतच अंडी.

आठवड्यातून एक दिवस पाणी काढून भांडे घासायचे. आठच दिवस का? अंड्यापासून डास व्हायला साधारण तेवढे लागतात म्हणून. फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलर, कुंड्यांखालच्या थाळ्या, गच्चीवरची ताडपत्री, बांधकामावरची लिफ्टची खड्डी. आणि हो, बुद्धमूर्तीपुढे आपण फुले सोडून ठेवतो ते पाण्याचे पात्रही. श्रद्धेचे पाणी असले तरी डासाला ते पाणीच.

एका उपासकांनी मला मागे विचारले होते, "दादा, आपण पहिले शील घेतो, प्राणिहत्या करणार नाही म्हणून. मग अळ्या मारायच्या कशा?" प्रश्न चेष्टेचा नव्हता, आणि मीही चेष्टेने घेत नाही. भिक्खूंच्या आठ वस्तूंमध्ये पाणी गाळायचे फडके असते, पाण्यातला जीव पोटात जाऊन मरू नये म्हणून. एवढी सूक्ष्म काळजी आपल्या परंपरेत आहे. पण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. शील हे तत्त्व आहे, डोळे झाकून पाळायचा नियम नव्हे, असे त्यांचे म्हणणे. पोटातल्या बाळाचे रक्षण ही गरज आहे. आणि तरीही मन घेत नसेल, तर त्याहून सोपे उत्तर पिंपाच्या झाकणात आहे. झाकलेल्या पाण्यात डास जन्मतच नाही, मग मारायचा प्रश्न कुठे आला? त्या उपासकांना हे पटले. त्यांच्या घरातले झाकण आता कधी सरकलेले नसते.

आपल्या वर्षावासाचाही हाच काळ, आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा. पावसात हिंडताना पिके आणि बारीक जीव पायाखाली येऊ नयेत म्हणून भिक्खूंनी एका जागी राहायचे, असा तो नियम. नेमके हेच तीन महिने डासांच्या भरभराटीचे. या काळात आपण विहारात नेहमीपेक्षा जास्त जमतो, ग्रंथवाचन होते, तेव्हा कामाची आठवण द्यायलाही हीच वेळ बरी.

धुराबद्दल एक सांगतो आणि पुढे जातो. साथ आली की धुराची गाडी येते, पुढारी सोबत असतात, फोटो निघतात. धुराने उडता डास मरतो, तोही धूर त्याच्यापर्यंत पोचला तर. हा डास घरात, लटकवलेल्या कपड्यांमागे, कपाटाखाली बसतो, आणि गाडी आली की आपण दारे-खिडक्या लावून घेतो. पिंपातल्या अळ्यांना तर धुराने काहीच होत नाही. गाडी येऊ द्या, नको म्हणू नका. पण तिच्यावर भिस्त ठेवू नका.

आणखी एक, आपल्या भागापुरते खास. रात्रपाळी. आपली पोरे रात्रभर मशीनवर उभी राहून सकाळी येतात आणि दिवसा झोपतात, उघड्या अंगाने, पंख्याखाली. हा डास दिवसाचा. म्हणजे त्याच्यापुढे ताट वाढून ठेवल्यासारखे. मच्छरदाणी रात्रीची वस्तू आहे असा आपला समज आहे. रात्रपाळीवाल्याने ती दिवसा लावावी. घरात रांगते बाळ असेल तर त्यालाही दुपारी मच्छरदाणीतच झोपवावे. आणि ज्याला ताप आहे त्याने तर पहिले आठ दिवस मच्छरदाणीतच राहावे. स्वतःसाठी नव्हे, त्याला चावून डास दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून.

औषधाचे थोडक्यात. या तिन्ही तापांवर विषाणू मारणारे औषध नाही. विश्रांती, भरपूर पाणी आणि तापाला पॅरासिटामॉल. अंग दुखते म्हणून दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या जोरदार गोळ्या किंवा ॲस्पिरिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, डेंग्यू असेल तर त्याने रक्तस्राव वाढतो. पोटात जोरात दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हात-पाय गार पडणे, ही लक्षणे दिसली तर रात्र काढू नका. ताप उतरला की बरे वाटते, आणि डेंग्यूत बिघाड होतो तो बहुतेकदा तेव्हाच. चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात जा, पिंपरीच्या वायसीएमला जा. पपईचा पाला, बकरीचे दूध यांच्या नादात दोन दिवस घालवू नका.

समितीशी माझे बोलणे झाले आहे. दर रविवारी वंदनेनंतर दहा-बारा मुले-मुली दोन-दोनच्या जोडीने गल्ल्या वाटून घेतील. बॅटरी आणि वही. कुणाच्या घरात शिरायचे नाही, आधी विचारायचे. आणि जोडीत एक मुलगी असलीच पाहिजे, कारण दुपारी घरी बाई असते आणि ती परक्या पुरुषाला मोरी दाखवणार नाही. भाडेकरूंच्या खोल्या वगळायच्या नाहीत, तिथे हिंदीत बोलायचे. खोलीमालकांनी स्वतः सोबत यावे, झाकण नसलेले पिंप त्यांच्या मालकीचे असेल तर झाकण त्यांनीच द्यावे. महिला मंडळाने जुन्या साड्यांचे तुकडे जमवायला घ्यावेत. शिवणयंत्र दोन घरांत आहे. ग्रामपंचायतीच्या अर्जाचा कागद बाहेर टेबलावर ठेवला आहे, जाताना सही करून जा. आणि विहाराच्या गच्चीवरच्या टाकीचे झाकण वाऱ्याने उडाल्यापासून वर फरशी ठेवलेली आहे, ती मी मघाशी चढून पाहिली. कडेला तीन बोटे फट आहे. सुरुवात तिथूनच करू.

जयभीम. नमो बुद्धाय.